बारावा गोळा

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर टर्बो ठेवला होता, आणि व्हर्नियरराव त्याच्याभोवती तिसरी फेरी मारत होते. अचानक आलेल्या पाहुण्याला कुठे बसवावं हे न सुचणाऱ्या यजमानासारखी त्यांची अवस्था झाली होती, आणि खरा प्रश्नही नेमका तोच होता. दोन मोठे शंख पाठीला पाठ लावून चिकटवावेत तसा तो दिसत होता. लांबी चोवीस सेंटिमीटर, उंची एकोणीस, वजन सहा किलो दोनशे ग्रॅम. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं होतं. काट्याला ग्रीस लागलं होतं. ही गोष्ट अजून घरात कुणाला कळलेली नव्हती.

व्हर्नियरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते आणि खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर बाळगत, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं होतं. दुकानातून आणलेला खिळादेखील मोजल्याशिवाय भिंतीत ठोकायचा नाही, असा त्यांचा बाणा. नाव त्यांना मनातून आवडायचं, पण आवडतं असं ते दाखवत नसत.

"हे काय आणलंत?" बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"टर्बो. भंगारवाल्याकडे एका अपघातातल्या गाडीचा होता. अगदी तरुण आहे." व्हर्नियररावांनी लहान मुलाचं कौतुक करावं तसं त्यातलं चक्र बोटाने फिरवून दाखवलं. "इंजिनमधून जो धूर बाहेर पडतो ना, तो हे चक्र फिरवतो. हे चक्र पलीकडचं चक्र फिरवतं. आणि पलीकडचं चक्र इंजिनच्या नाकात जादा हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त जोर."

"म्हणजे तिच्याच उसाशांवर तिला पळवायचं."

इतकी नेमकी व्याख्या त्यांनी कुठल्या पाठ्यपुस्तकातही वाचली नव्हती. ते थोडे खट्टू झाले.

ती म्हणजे आक्का. आक्का ही घरची गाडी, वय वर्षं सतरा. सपाटीवर तिच्यासारखी गुणी दुसरी नाही, पण चढ दिसला की तिला धाप लागे. बायकोचे वडील टेकडीच्या माथ्यावर राहत आणि रस्ता वळणावळणाने वर जाई. गेल्या रविवारी त्यांना घरी सोडायला सगळे निघाले असताना तिसऱ्या वळणावर आक्काने एक लांब सुस्कारा टाकला आणि ती उभी राहिली. सगळे उतरले. सासरे आपल्या दोन्ही पिशव्या घेऊन चालू लागले आणि गाडीच्या चार मिनिटं आधी घरी पोचले. ते निवृत्त स्टेशनमास्तर. दारात उभं राहून, घड्याळाकडे बघत, त्यांनी आक्काचं आगमन नोंदवून घेतलं.

"जावईबापू," ते म्हणाले होते, "पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी पुन्हा खाली येतो. दुपारी मला याच गाडीतून वर सोडायचं. वाटेत एकाही माणसाला उतरावं लागलं, तर ही गाडी भंगारात जाणार आणि मी तुम्हाला दुसरी घेऊन देणार. माझ्या पसंतीची. रंग करडा. सीटकव्हरंसुद्धा मीच आणीन."

ज्याने सासऱ्यांच्या पसंतीच्या सीटकव्हरांवर बसून आयुष्य काढलंय, त्यालाच या धमकीचं वजन कळेल. व्हर्नियररावांनी त्याच आठवड्यात टर्बो आणला.

मिस्तरीचं गॅरेज घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. मिस्तरी बोलायचा कमी आणि मान हलवायचा जास्त. त्याने टर्बो एका हातात तोलला, आक्काचं बॉनेट उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "बसेल."

"किती जागा आहे?" व्हर्नियररावांनी कॅलिपर काढला.

"सगळं बसतं, साहेब. बसत नाही ते बसवायचं."

या तत्त्वज्ञानाला शास्त्रीय आधार नव्हता. व्हर्नियररावांनी वही उघडली, इंजिनचं चित्र काढलं आणि संध्याकाळभर गाडीत डोकं घालून मोजमापं घेतली. निष्कर्ष असा निघाला की टर्बो इंजिनच्या पुढच्या अंगाला, वरच्या बाजूस बसेल. फक्त तिथे पंखा आहे. पंखा आणि टर्बो यांना एकाच वेळी एकाच जागी राहता येत नव्हतं. पदार्थविज्ञानाची ही अगदी प्राथमिक अडचण.

मिस्तरीने पंखा काढला आणि चपटा विजेचा पंखा एका बाजूला सरकवून लावला. तिथे बॅटरी होती. बॅटरी मागे डिकीत गेली. डिकीत स्टेपनी होती. बॅटरी आणि स्टेपनी शेजारी शेजारी नांदेनात, म्हणून जादा चाक घरी आलं आणि पलंगाखाली गेलं. पलंगाखाली आईच्या ट्रंका होत्या. ट्रंका कपाटावर चढल्या. कपाटावरच्या गाद्या बैठकीत आल्या, आणि बैठकीतली खुर्ची, जिच्यावर बसून व्हर्नियरराव रोज पेपर वाचत, ती गॅलरीत गेली.

"तुमचा टर्बो गाडीत बसला," बायको म्हणाली, "आणि तुम्ही घराबाहेर."

पण त्यांना त्याचं काही वाटेना. ते गॅलरीत बसून वहीत आकडे लिहीत आणि मधूनच स्वतःशी हसत. वर्षानुवर्षं मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घेतल्यावर, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेलं नाही असा प्रश्न त्यांना प्रथमच मिळाला होता. रात्री झोपेतदेखील ते "बारा पॉइंट चार" असं काहीतरी पुटपुटत.

टर्बो बसला. बॉनेट बसेना.

म्हणजे ते बंद होतंय असं वाटायचं आणि शेवटच्या क्षणी 'टक्' असा आवाज येऊन थांबायचं. कुठे टेकतंय हे बघायला बॉनेट उघडावं लागे, आणि उघडलं की ते टेकत नसे. हा मोठा गहन प्रश्न होता. मिस्तरी म्हणाला, ओली माती लावून बघू. मातीचे खडे टर्बोत गेले तर त्याचा जीव जाईल, असं म्हणून व्हर्नियररावांनी ती सूचना फेटाळली, घरी गेले आणि आईसमोर उभे राहिले.

"आई, थोडं पीठ मळून देशील? घट्ट हवं."

"किती जण आहेत जेवायला?"

"कुणी नाही. बॉनेटखाली लावायचंय."

आईने त्यांच्याकडे दोन क्षण पाहिलं. मग आणखी प्रश्न विचारण्यापेक्षा परात ओढणं बरं, असं ठरवून ती उठली.

युक्ती सोपी होती. पिठाचे सारखे गोळे टर्बोवर ठिकठिकाणी चिकटवायचे, बॉनेट हलकेच बंद करायचं, उघडायचं आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजायची. जितकी जाडी, तितकं अंतर. एव्हाना गॅरेजभोवती माणसं जमली होती. कडेचा गोळा चौदा मिलिमीटर. मधला नऊ. टर्बोच्या डोक्यावरचा गोळा मात्र सपाट होऊन चारी बाजूंनी निसटला होता आणि मधून पत्र्याला पत्रा लागल्याची खूण दिसत होती. व्हर्नियररावांनी हिशेब केला. अकरा मिलिमीटर कमी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या दुकानदाराचं मत, इंजिन खाली ढकला. पोस्टमनचं मत, बॉनेट काढूनच टाका, नाहीतरी लोकांना दिसायला हवं. एकाने टर्बो कानशीने घासायचा सल्ला दिला, आणि व्हर्नियररावांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बिचारा सायकल घेऊन निघून गेला.

शेजारचे टेलरकाका इतका वेळ गळ्यात टेप अडकवून गप्प उभे होते.

"गिऱ्हाइकाचं पोट सुटलं," ते म्हणाले, "तर आम्ही पोट कापत नाही. कापड सोडतो."

मग मिस्तरीने खडूने बॉनेटवर एक गोल काढला.

गोलाएवढा पत्रा कापायचा आणि तिथे वरून फुगीर टोपी बसवायची, असं ठरलं. टोपीचा व्यास बावीस सेंटिमीटर हवा होता आणि खोली सहा. व्हर्नियररावांनी घरातली एकूण एक भांडी मोजली. फक्त एक बसलं: एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. बायको तेव्हा बाजारात गेली होती. ते पातेलं तिच्या वडिलांनी घर मांडताना दिलेलं आहे, हे व्हर्नियररावांना ठाऊक होतं. पण व्यास बरोबर बावीस होता, आणि अशा योगायोगापुढे त्यांची विवेकबुद्धी नेहमीच पांगळी पडे.

ती परतली तेव्हा पातेलं उपडं होऊन, रिबिटं मारून, आक्काच्या कपाळावर विराजमान झालं होतं.

"बाबा रविवारी येणार आहेत," ती एवढंच म्हणाली. आवाज इतका शांत होता की मिस्तरीने हातातला पाना खाली ठेवला.

गाडीच्या अंगावर असा बदल केला की वाहन कार्यालयात नोंद करावी लागते. व्हर्नियरराव आकृत्यांसह चौदा पानांचा अर्ज घेऊन गेले. खिडकीमागच्या कारकुनाने शेवटचं पान बघितलं.

"रंग बदलला?"

"नाही. आकार."

"आकाराचा रकाना नाही. रंग बदललाय असं लिहा."

"पण रंग बदललेला नाही."

"मग आकार कशाला बदललात?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते पान सहावर होतं आणि कारकुनाला पान सहापर्यंत जायचं नव्हतं. त्याने त्यांना दुसऱ्या खिडकीकडे धाडलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने तपासणीच्या अंगणात, जिथे एक पोक्त तपासनीसबाई पट्टी घेऊन उभ्या होत्या. बाईंनी पातेल्यावर बोटाने टिचकी मारली. कान देऊन आवाज ऐकला.

"स्वयंपाकाचं दिसतंय."

"होतं," व्हर्नियरराव म्हणाले.

बाई चालकाच्या जागेवर बसल्या, पाठ ताठ केली, पुढे बघितलं, पातेल्यावरून रस्ता दिसतो का ते पाहिलं. मग पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवलं. हललं नाही. समाधानाने त्यांनी शेऱ्याच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "बॉनेटवर पातेले, एक. पक्के. दृष्टीस अडथळा नाही."

चौदा पानांचं सार एका ओळीत. व्हर्नियरराव त्या कागदाकडे बघत घरी आले. शास्त्रात इतकं कमी लिहून कुणी इतकं मिळवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी इंजिन सुरू झालं. आधी नेहमीसारखं, आणि मग मिस्तरीने पाय दाबताच बॉनेटखालून एक बारीक शीळ आली. सतरा वर्षांत आक्काने कधी शीळ घातली नव्हती. व्हर्नियररावांच्या अंगावर काटा आला. टेलरकाकांनी टाळी वाजवली. आणि लगेच आतून ठाण, ठाण, ठाण असे आवाज येऊ लागले, जणू कुणीतरी पळीने पिंप बडवतंय.

मिस्तरीने इंजिन बंद केलं. व्हर्नियररावांनी धावत जाऊन मोजलं. टर्बोचा पाइप आणि मागची पत्र्याची भिंत यांत सहा मिलिमीटर अंतर होतं. पुन्हा मोजलं. सहाच. इंजिन चालू केलं, ठाण. बंद केलं, सहा. तीनदा असं झालं. बंद गाडीत वाजायला काही कारण नव्हतं आणि चालू गाडीत मोजायला वाव नव्हता.

"साहेब, रागावू नका," टेलरकाका म्हणाले. "तुम्ही माप घेता तेव्हा ती उभी असते."

"मग?"

"आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, हात वर करा. आता खाली बसा. आता वाका. उभ्या माणसाचं माप घेऊन विजार शिवली, तर तो बसला की फाटते."

व्हर्नियररावांचे कान लाल झाले. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, जोर लावला की ते एका बाजूला कलतं, हे त्यांना माहीत होतं. गतीवर तर ते दरवर्षी मुलांना बोलायचे. पण टेबलावरच्या निश्चल वस्तू मोजण्यात जन्म गेला, आणि हातात कॅलिपर आला की समोरची वस्तू आपल्यासाठी थांबलेली आहे असं त्यांना वाटायचं. हा अपमान त्यांनी निमूट गिळला आणि घरी जाऊन म्हणाले, "आई, पीठ."

या वेळी बारा गोळे, आणि बॉनेटखाली नव्हे तर टर्बोच्या सर्व बाजूंनी. बायको चालकाच्या जागी बसली. तिने ब्रेक गच्च दाबला, पहिला गियर टाकला आणि क्लच किंचित सोडला. इंजिनला पुढे जायचं होतं, गाडीला नव्हतं. तेव्हा इंजिन रुसून एका अंगाला कललं. गोळे मोजले. तेरा मिलिमीटरचा झोक.

"बसल्यावर तेरा," टेलरकाका पुटपुटले. "घेर वाढवा नाहीतर पट्टा लावा."

शनिवारी मिस्तरीने पट्टा लावला. म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक जाड सळई, दोन्ही टोकांना रबर. ती बसवण्याआधी पुन्हा बारा गोळे चिकटवले, कारण सळई बसल्यावर आत हात जाणार नव्हता. पुन्हा चाचणी. ठाण नाही. नुसती शीळ. बायको काचेतून बघून हसली, आणि पातेलं गेल्यापासूनचं ते तिचं पहिलं हसू होतं.

गोळे काढायला घेतले. सगळीकडे किमान आठ मिलिमीटर. अकरा गोळे निघाले. बारावा टर्बोच्या मागे, सळईच्या पलीकडे होता. गोळा होता तिथे जागा होती, पण तिथवर पोचायला हाताला जागा नव्हती. व्हर्नियररावांनी काडीने, चिमट्याने, लांब चमच्याने प्रयत्न केले.

"राहू द्या," मिस्तरी म्हणाला. "पीठच आहे, दगड नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. व्हर्नियररावांनी वही उघडली, बाराव्या रकान्यासमोर पेन धरलं, पेन ठेवून पेन्सिल घेतली आणि लिहिलं: "बहुधा ठीक." त्यांच्या वहीत 'बहुधा' हा शब्द त्याआधी कधीच आला नव्हता.

सासरे वेळेवर आले. आक्काभोवती फिरले. पातेल्यासमोर थांबले, चष्मा वर केला, खाली केला. ते पुढे बसले. डिकीत बॅटरी, म्हणून दोन्ही पिशव्या त्यांच्याच मांडीवर. मागे आई, बायको आणि टेलरकाका. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. "ट्रायलला टेलर हवाच," म्हणून ते आपले येऊन बसले होते.

पहिलं वळण आक्काने असं घेतलं की आईने पुढची सीट धरली. दुसऱ्या वळणाआधी शीळ वाजली आणि पाठ सीटला टेकली. एक सायकलवाला चढावर सायकल ढकलत चालला होता, तो बघतच राहिला. व्हर्नियररावांना गाणं म्हणावंसं वाटत होतं. पण सासरे शेजारी होते, म्हणून ते नुसतेच स्टिअरिंगवर बोटं नाचवत राहिले.

तिसऱ्या वळणावर सासऱ्यांनी हवेत हुंगून बघितलं.

"काहीतरी भाजतंय."

बॉनेटच्या फटीतून निळसर धुराची एक बारीक रेघ निघून पातेल्यावर रेंगाळली. व्हर्नियररावांचा पाय आपोआप हलका झाला. आक्का मंदावली. हीच ती जागा.

"बारावा?" मागून बायको हळूच म्हणाली.

"बहुधा."

"बहुधा म्हणजे? वायर असली तर?"

वायर असली तर थांबायला हवं होतं, बॉनेट उघडायला उतरायला हवं होतं, आणि उतरलं की करडा रंग. पीठ असलं तर थांबणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. व्हर्नियररावांपाशी कॅलिपर होता, वही होती. वास मोजायचं मात्र काही नव्हतं. सासऱ्यांनी पिशव्या सावरून दाराच्या कडीला हात घातला.

"थांबा, व्याही," आई म्हणाली. तिने काच खाली केली आणि बाहेर डोकं काढून दीर्घ श्वास घेतला. सगळी गाडी तिच्या नाकाकडे बघत राहिली. "वायर नाही. रबर नाही. पीठ आहे, माझंच. मीठ घातलं नव्हतं, तेही कळतंय. अजून नुसतं खरपूस होतंय. करपायला पाच मिनिटं आहेत. घाल गाडी, थांबू नकोस."

"वर पोचायला चार," सासरे घड्याळ बघून आपसूक बोलून गेले.

व्हर्नियररावांनी पाय दाबला. आक्काने शीळ घातली. चौथं वळण, पाचवं, भाजल्याचा वास गडद होत चाललेला, आई दर वळणावर "अजून आहे, अजून आहे" म्हणतेय, टेलरकाका डोळे मिटून बसलेले. सहाव्या वळणानंतर चढ संपला आणि आक्का फाटकातून थेट अंगणात जाऊन उभी राहिली.

सासरे उतरले. घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं पन्नास सेकंद," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं. त्या धक्क्यासरशी बारावा गोळा सळईवरून घरंगळत त्यांच्या पायाशी पडला. वरून तांबूस, छान फुगलेला. त्यांनी रुमालात धरून तो मोडला. आतून वाफ निघाली.

"शिजलाय," ते म्हणाले. मग बॉनेट खाली घेऊन पातेल्यावर हात फिरवला. कडेला एक पोचा होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं. "हा पोचा माझ्या हातून पडलाय. दुकानातून आणतानाच. पातेलं माझं आहे."

व्हर्नियरराव जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ कुंपणाशी आले आणि म्हणाले, "अरे वा, आज गाडी थेट वर? गेल्या वेळी तर तुम्ही चालत आला होतात."

"येणार नाही तर काय," सासरे छाती पुढे काढून म्हणाले. "पातेलं मी दिलंय."

त्या दिवसापासून टेकडीवर आक्का सासऱ्यांच्या पातेल्यावर चालते, असंच सगळे मानतात. व्हर्नियररावांनी एकदा-दोनदा टर्बोचं तत्त्व समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण लोक त्यांच्याकडे दयेने बघतात. ते आता वाद घालत नाहीत. फक्त त्या रात्री गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्यांनी वही उघडली, बाराव्या रकान्यातलं 'बहुधा' खोडलं आणि पेनाने लिहिलं: "ठीक. मीठ कमी."